जुनं साइड टेबल घेताना आधी ते उलटं करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात नवा टू-बीएचके, राखाडी रंगाचा साधा सोफा, आणि त्याच्या शेजारी एक जुनं साइड टेबल हवंय. मुंबईतल्या ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात काळ्या लाकडाचं, भरगच्च नक्षीचं एक टेबल आवडलं. विक्रेता म्हणतो, दीडशे वर्षांचं आहे, पारशी घरातून आलंय. ते घ्यावं का, खरं कसं ओळखायचं, घरात कसं मांडायचं? शिवाय सासूबाईंच्या माळ्यावर काश्मीरहून आणलेला टेबलांचा संच पडून आहे, त्याचं काय करायचं? आणि पुढे-मागे यातलं काही नेदरलँड्सला मुलीकडे पाठवता येईल का?

मी जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचं आणि पॉलिशचं काम करतो, त्यामुळे उत्तर दुकानदाराच्या बाजूनं नाही, टेबलाच्या पोटाखालून देतो.

दीडशे वर्षांची कथा आधी बाजूला ठेवा. त्या बाजारातलं निम्मं सामान पारशी घरातून आलेलं असतं आणि उरलेलं निम्मं कुठल्या तरी संस्थानिकाच्या वाड्यातून, असं सांगायची पद्धतच आहे. त्यात क्वचित खरंही असतं. पण पैसे तुम्ही गोष्टीचे देणार आणि चहाचा कप ठेवणार टेबलावर. म्हणून माझा नियम असा: वय विचारायचं नाही, बांधणी बघायची. बांधणी उत्तम असेल तर पन्नास वर्षांचं टेबलही घ्यावं, आणि बांधणी ढिली असेल तर दोनशे वर्षांचंही सोडून द्यावं. तसाही हा शब्दांचा घोळच आहे. शंभर वर्षं ओलांडलेल्या वस्तूला अँटिक म्हणावं असा साधारण संकेत आहे, पण बाजारात मागच्या पावसाळ्यात बनवलेल्या वस्तूलाही तेच नाव मिळतं.

आता तुमच्या काळ्या टेबलाविषयी. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीच्या लाकडावर दाट, जाळीदार नक्षी करून युरोपियन घाटाचं फर्निचर बनत असे. 'बॉम्बे ब्लॅकवुड' हे नाव त्याचंच. पानं, वेली, फुलं, मधूनच एखादा प्राणी, पायांना वाघाचे पंजे. पारशी आणि युरोपियन घरांत ते खूप होतं, हे खरंच आहे. त्यामुळे तुम्ही पाहिलेलं टेबल अस्सल असूही शकतं. पण याच घाटाचं सामान आजही बनतं, आंब्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या स्वस्त लाकडात, वरून काळा रंग चढवून.

पहिली परीक्षा हाताची. टेबल एका बाजूनं उचलून बघा. शिसवी लाकूड सागवानापेक्षा चांगलंच जड असतं. एवढंसं टेबल उचलताना हात दचकला पाहिजे. दुसरी परीक्षा रेघेची, तीही खालून, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे. विक्रेत्याला विचारून टॉपच्या खालच्या कडेला पिनेनं हलकीशी रेघ मारा. काळी शिसव आतूनही जांभळट तपकिरी असते. रेघेत फिकट पिवळसर लाकूड दिसलं तर काळेपणा डबीतून आलेला आहे. रेघ मारू देणार नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे.

तिसरी परीक्षा नक्षीची. फुलांकडे बघू नका, दोन फुलांच्या मधल्या खोलगट जागेकडे बघा. हातानं कोरलेल्या कामात तिथे पटाशीचे बारीक, वेगवेगळ्या दिशांचे घाव दिसतात आणि शेजारशेजारची दोन पानं कधीच तंतोतंत सारखी नसतात. यंत्रावर कोरलेल्या कामात ती खोलगट जागा एकसारखी गुळगुळीत असते आणि चारही कोपऱ्यांतलं फूल एकाच साच्यातून काढल्यासारखं दिसतं. हाताच्या कामाची नजर तयार करायची असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक सकाळ घालवा. तिथली कोरीव लाकडी दारं आणि खांब जवळून पाहिले की बाजारात फसायचं प्रमाण आपोआप कमी होतं.

आणि मग टेबल उलटं करा. माझ्याकडे दुरुस्तीला येणारं प्रत्येक टेबल आधी सतरंजीवर पालथं पडतं, कारण वरचा भाग पुन्हा पुन्हा पॉलिश होतो, खालच्या भागाला कोणी हात लावत नाही. सध्या दुकानात सागवानाचं एक छोटं गोल टेबल आहे, तीन पायांचं, मधे एकच खांब असलेलं. त्याच्या टॉपचा व्यास लाकडाच्या रेषांच्या दिशेनं ४६ सेंटिमीटर भरतो आणि रेषांना आडवा मोजला तर साडेपंचेचाळीस. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. म्हणून अखंड लाकडाचा जुना गोल टॉप काळाच्या ओघात किंचित लंबगोल होतो. नव्यानं कापलेला गोल अगदी गोल असतो. मोजपट्टी खिशात ठेवा, एवढ्या एका गोष्टीनं बरेच 'दीडशे वर्षांचे' दावे गळून पडतात.

याच टेबलाच्या पोटाला करवतीच्या खुणा आहेत, सरळ पण एकमेकींशी थोड्या वाकड्या. म्हणजे हातकरवत. खुणा कंसासारख्या गोलसर असतील तर लाकूड गोल पात्याच्या यंत्रावर चिरलेलं आहे. एवढ्यावरून टेबल नकली ठरत नाही, फक्त फार जुनं असल्याचा दावा लंगडा पडतो. स्क्रू बघा. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. म्हणजे १८७० च्या म्हणवल्या जाणाऱ्या टेबलात ते दिसले तर एक तर दुरुस्ती झालीय किंवा गोष्ट रचलेली आहे. त्या स्क्रूभोवतीचं लाकूड बघा: शेजारी जुनी, बुजवलेली भोकं असतील तर दुरुस्ती; भोकं नसतील तर गोष्ट.

खण असेल तर तो पूर्ण बाहेर काढा. समोरची फळी आणि बाजूची फळी एकमेकींत कशी अडकवलीय ते बघा. जुन्या चांगल्या कामात पंख्याच्या आकाराचे दात एकमेकांत बसवलेले असतात, हातानं कापलेले, त्यामुळे थोडे लहानमोठे. नुसते खिळे ठोकलेले असतील तर काम घाईचं आहे. खणाच्या तळाला प्लाय असेल तर टेबल विसाव्या शतकातलं आहे किंवा तळ नंतर बदललेला आहे. खणाच्या खालच्या कडा हाताला गुळगुळीत आणि झिजलेल्या लागल्या पाहिजेत, कारण वर्षानुवर्षं त्याच सरकतात. खोटी झीज नेमकी चुकीच्या ठिकाणी असते. कारागीर सगळीकडे सारखं घासतो. माणूस मात्र जिथे हात लागतो, पाय टेकतो, बांगडी घासते तिथेच लाकूड झिजवतो.

अजून एक प्रकार फार चालतो. पाय एका टेबलाचे, टॉप दुसऱ्याचा. दोन्ही जुने, पण भेट झालेली अलीकडे. खालून बघितलं की कळतं: टॉपच्या पोटावर आधीच्या चौकटीची गडद सावली उमटलेली असते आणि ती आताच्या चौकटीशी जुळत नाही. अशी जोडणी किंमत कमी करून मिळत असेल तर मी घेतो, मला त्यात काही गैर वाटत नाही. तसंच पाडलेल्या वाड्यांच्या तुळया-झडपांतून बनवलेल्या टेबलांचं. लाकूड उत्तम, मुरलेलं, वर्षानुवर्षं आटून शांत झालेलं. फक्त ते जुन्या लाकडाचं नवं टेबल आहे, आणि भाव त्याच हिशोबानं ठरला पाहिजे.

कीड हा एकच मुद्दा असा आहे की ज्यावर मी तडजोड करत नाही. एक ते तीन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर घाबरायचं कारण नाही, ती जुनी, रिकामी असू शकतात. टेबल पांढऱ्या कागदावर ठेवून हातानं ठोकायचं. फिकट, पिठासारखा ताजा भुसा पडला की बोरर, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा, अजून आत आहे. असं टेबल घरात आणू नका, कारण तो शेजारच्या प्लायच्या कपाटातही जाऊ शकतो. सागवानाचा गाभा किडीला सहसा दाद देत नाही, पण त्याच फळीची कडेची पांढरट पट्टी कीड आवडीनं खाते, म्हणून बघायचं ते तिथे. विक्रेता 'औषध मारून देतो' म्हणाला तर औषध मारल्यावर काही आठवडे टेबल त्याच्याकडेच राहू द्या आणि मग पुन्हा ठोकून बघा.

पॉलिशचं काय? कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन खालच्या बाजूला आतल्या कोपऱ्यात टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून चढवलेलं जुन्या पद्धतीचं फ्रेंच पॉलिश. काही झालं नाही तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे अलीकडचं कृत्रिम पॉलिश. मला पहिलं जास्त आवडतं, कारण ते दुरुस्त होतं: ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा लाख चढवता येते. पीयू एकदा खराब झालं की सगळं घासून काढावं लागतं. मात्र फ्रेंच पॉलिशवर सॅनिटायझर, अत्तर, आफ्टरशेव्ह सांडलं की तिथलं पॉलिश विरघळतं. करोनाच्या काळात माझ्याकडे आलेल्या टेबलांपैकी बऱ्याच टेबलांवर बाटलीच्या बुडाएवढे डाग होते.

टेबल घेतल्यावर लगेच पॉलिशवाल्याला बोलावू नका. तो येतो, सगळं सँडपेपरनं घासतो, चकचकीत करतो, आणि लाकडावर पन्नास-शंभर वर्षांत चढलेला मधाळ रंग एका दुपारी निघून जातो. तो पुन्हा विकत मिळत नाही. आधी मऊ कापडानं धूळ काढा, मग टर्पेंटाइनच्या अगदी थोड्या ओल्या कापडानं जुनं मेण आणि काजळी पुसा, मग मधमाशीच्या मेणाचा पातळ हात द्या आणि वाळल्यावर सुती कापडानं घासा. दहापैकी सात टेबलांना याहून जास्त काही लागत नाही. नक्षीत साठलेली धूळ दाढीच्या जुन्या ब्रशनं निघते.

आता घरात मांडायचं. इथे बहुतेक लोक रंग आणि नक्षी बघतात आणि उंची विसरतात. सोफ्याच्या हाताची उंची मोजा, साधारण ५५ ते ६५ सेंटिमीटर भरेल. शेजारचं टेबल त्याच्याबरोबर किंवा दोन-चार सेंटिमीटर खाली हवं. त्याहून उंच असेल तर कप उचलताना कोपर वर जातं आणि रोज खटकतं. जुनी टेबलं बऱ्याचदा याच कारणानं फसतात: नक्षीची उंच टेबलं कुंडी किंवा दिवा ठेवायला बनलेली असतात, ७० सेंटिमीटरच्या वर. पाय कापून घ्यायचा विचार मनात आला तर तो सोडून द्या. त्यापेक्षा ते टेबल सोफ्याशेजारी न ठेवता दाराजवळ किल्ल्यांसाठी, किंवा खिडकीच्या कोपऱ्यात ठेवा. पायानं चालवायच्या शिलाई मशीनच्या बिडाच्या स्टँडवर संगमरवरी फळी टाकून बनवलेली टेबलंही अशीच उंच पडतात. ती सोफ्याच्या पाठीमागे शोभतात, शेजारी नाही.

तीन पायांचं टेबल असेल तर कडेवर तळहातानं जोर देऊन बघा. कललं तर लहान मुलांच्या घरात नको.

तुमचा राखाडी, साधा सोफा हे खरं तर भाग्यच आहे. भरगच्च नक्षीचं टेबल साध्या सोफ्याशेजारीच उठून दिसतं. पण मग त्या खोलीत तेवढं एकच. त्याच भिंतीला कोरीव आरसा, पितळी हंडा, जुना ग्रामोफोन आणि राजस्थानी झरोका लावला की खोलीची हॉटेलची लॉबी होते. टेबलावरही फार काही नको. एक दिवा, दोन पुस्तकं, आणि कप ठेवायला तेवढी मोकळी जागा. दिव्याच्या शेडची खालची कड तुम्ही बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला यावी, म्हणजे बल्ब डोळ्यांत जात नाही. आपल्याकडच्या सोफ्यांना ही पातळी जमिनीपासून एक मीटरच्या आसपास येते. म्हणजे टेबल उंच असेल तर दिवा बुटका, टेबल बुटकं असेल तर दिवा उंच. दिव्याची वायर टेबलाच्या मागच्या पायाला दोऱ्यानं बांधा. जुन्या लाकडाला त्यासाठी भोक पाडू नका.

सोफ्याच्या दोन्ही बाजूंना टेबलं हवी असतील तर जोडी शोधत हिंडू नका. उंची सारखी ठेवा, बाकी काहीही वेगळं चालतं. एका बाजूला सागवानी टेबल, दुसऱ्या बाजूला जुनी लोखंडी ट्रंक किंवा दोन चौरंग एकावर एक. चौरंग मला फार आवडतात, आपल्या घरांत ते असतातच आणि वर्षातले अकरा महिने माळ्यावर पडून असतात. एकच अडचण, गणपतीत तो मोकळा करून द्यावा लागतो.

टॉपवर काच टाकावी का, हे हमखास विचारतात. आपल्या हवेत मला काच नको वाटते. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात काच आणि लाकडाच्या मधे दमटपणा अडकतो आणि पॉलिशवर पांढुरके ढग येतात. टाकायचीच असेल तर चार कोपऱ्यांना सिलिकॉनच्या छोट्या पारदर्शक गुंड्या लावून थोडी उचलून टाका. गरम कपाचा पांढरा गोल डाग पडला तर घाबरू नका, तो ओलाव्याचा डाग असतो. कोरडं सुती कापड दुमडून ठेवा आणि त्यावर कोमट इस्त्री काही सेकंदच फिरवा, उचला, बघा, पुन्हा फिरवा. बहुतेक डाग जातात. काळा डाग मात्र लाकडात उतरलेला असतो, तो असा जात नाही.

टॉप संगमरवरी असेल तर लिंबू सांडू देऊ नका. आम्लानं दगडाची चकाकी मरते. हळदीचा डाग लगेच पुसा.

आपल्या घरात जुन्या टेबलाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे रोजची लादी पुसणी. ओलं फडकं दररोज पायाच्या बुडाला लागतं आणि तिथे लाकडाचा उघडा छेद असतो, तो पाणी शोषून घेतो. काही वर्षांत बूड काळं पडतं, मग भुसभुशीत होतं. टेबल घरी आणल्याच्या दिवशीच ते उलटं करून पायांच्या बुडाला मेण किंवा लाखेचे दोन-तीन हात द्या आणि खाली प्लॅस्टिकचे किंवा पितळी पाय ठोकून घ्या, म्हणजे लाकूड लादीपासून थोडं वर राहील. नुसतं फेल्ट लावू नका, ते पाणी धरून ठेवतं.

पावसाळ्यात खण अडकला तर रंधा मारू नका. जुलैमध्ये रंधलेला खण डिसेंबरमध्ये खुळखुळतो. सरकत्या कडांवर मेणबत्ती घासा आणि हवा कोरडी होईपर्यंत थांबा. एसीच्या थेट झोतासमोर टेबल ठेवू नका; ओल्या आणि कोरड्या हवेच्या रोजच्या ओढाताणीत टॉपला फटी पडतात.

खरेदीची जागा म्हणाल तर ओशिवरा ठीक आहे, पण तिथे जुन्याबरोबर जुन्यासारखं बनवलेलं नवंही बरंच असतं. चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, शुक्रवारी दुकानं बंद असतात, तो दिवस टाळा. पुण्याचा जुना बाजार बुधवार आणि रविवारचा. तिथे मोडकं पण सच्चं सामान मिळायची शक्यता जास्त, मात्र सुतार ओळखीचा हवा. कुठेही जा, सकाळच्या उजेडात जा. पिवळ्या बल्बखाली प्रत्येक लाकूड शिसवी दिसतं. दुरुस्तीचा खर्च टेबलाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शावर जात असेल तर मी भाव पाडून मागतो किंवा निघून येतो.

आता सासूबाईंच्या माळ्यावरचा काश्मिरी संच. सत्तर-ऐंशीच्या दशकात काश्मीर सहलीला गेलेली मराठी कुटुंबं अक्रोडाच्या लाकडाची, चिनारची पानं कोरलेली, एकात एक बसणारी टेबलं घेऊन यायची, आणि पुढे सनमायकाच्या जमान्यात ती माळ्यावर गेली. ती अँटिक नाहीत, पण काम हाताचं असतं, लाकूड खरं असतं, आणि छोट्या फ्लॅटमध्ये त्यांच्याइतकी सोयीची वस्तू नाही. तुमच्या जागी मी असतो तर काळ्या टेबलाचा सौदा करण्याआधी ती खाली उतरवली असती. सगळी एकत्र कोपऱ्यात ठेवू नका. सगळ्यात मोठं सोफ्याशेजारी, मधलं पलंगाशेजारी, लहान बाल्कनीतल्या खुर्चीजवळ, पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशा बेतानं. पाहुणे आले की गोळा करा.

आणि नेदरलँड्सचं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी, पुरावशेषाच्या व्याख्येत बसणारी वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. टेबल नव्या बनावटीचं असलं तरी जुनं दिसत असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ते पुरावशेष नसल्याचा दाखला घेऊन ठेवलेला बरा. म्हणजे विक्रेत्याचे दीडशे वर्षांचे शब्द खरे निघाले तर ते टेबल तुमच्याबरोबर ठाण्यातच राहणार. शिवाय शिसम-शिसवीच्या सगळ्या जाती जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संरक्षित यादीत आहेत, त्यामुळे त्या लाकडाच्या वस्तूला वेगळी कागदपत्रं लागू शकतात. अक्रोडाला ही अडचण नाही. काश्मिरी संचातलं सगळ्यात छोटं टेबल चादरीत गुंडाळून मोठ्या बॅगेत सहज बसतं. मुलगी पुढच्या वेळी आली की तिच्याबरोबर तेच द्या, फक्त आधी ते पांढऱ्या कागदावर ठोकून बघा.